आप्पांना खिडकीची सीट: कोल्हापूर–गगनबावडा–सावंतवाडी–आंबोली पावसाळी फेरी (मदत हवी)

लाल_डबा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. २००९ ला रिटायर झाले, आता चौऱ्याहत्तर पूर्ण. कोल्हापूर–सावंतवाडी आंबोलीमार्गे ही फेरी त्यांनी किती वर्षं मारली ते त्यांनाही आठवत नाही. परवा जेवताना सहज म्हणाले, "आंबोलीत धबधबा आहे म्हणतात. मी फक्त त्याच्या पायथ्याची गर्दी बघितली आहे. हॉर्न वाजवत." त्यावर आई हसली, पण माझ्या घशाखाली घास उतरेना.

तर बेत असा. तीन दिवस, दोन मुक्काम, मी, आप्पा आणि आई. आमची जुनी हॅचबॅक. पुण्याहून आदल्या रात्री कोल्हापूरला बहिणीकडे. तिथून गगनबावडा, घाट उतरून वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. मग आंबोली चढून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर आणि हायवेने परत. मोठं शहर नको, मॉल नको, रिसॉर्ट तर नकोच. नागपंचमीच्या आसपास निघायचा विचार आहे, कारण गणपतीत कोकणच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

प्रश्न:
गगनबावड्याहून करूळ घाट घ्यावा की भुईबावडा? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा फार न चालता बघण्यासारखं काय? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: आप्पा श्रावण पाळतात. मालवणी मुलखात शाकाहारी माणसाने खायचं काय?

तांबडा_पांढरा
नाद खुळा बेत आहे. पहिल्यांदा आप्पांना दंडवत सांगा.

कोल्हापुरातून निघण्याआधी एकच काम करा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पंचगंगा फुगली की गगनबावडा रोडवर आधी बालिंग्याकडे लक्ष ठेवावं लागतं आणि पुढे कुंभी नदीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर येतं. आमच्याकडे पावसाळ्यात लोक सकाळी उठून दुधाच्या आधी ही पातळी विचारतात. पाणी रस्त्यावर असेल तर "एवढंसं तर आहे" म्हणून गाडी घालू नका. कळे-साळवणमध्ये चहा प्यायचा आणि मागे फिरायचं.

घाटमाथा
करूळचं रुंदीकरण आणि काँक्रिटीकरण होतं म्हणून तो बराच काळ बंद होता. चालू असला तरी दरड आली की पुन्हा बंद. निघायच्या दिवशी सकाळी गगनबावड्यात विचारा, नेटवरच्या जुन्या बातम्यांवर जाऊ नका. भुईबावडा अरुंद आहे पण अवजड वाहतूक कमी, आणि माझ्या मते दोन्हींत तोच देखणा. करूळ म्हणजे कामाचा घाट. भुईबावडा बघायचा घाट.

गगनबावड्याच्या अलीकडे पळसंबे फाटा लागतो. आत रामलिंग म्हणून जागा आहे, ओढ्यातल्या अखंड कातळात कोरलेली छोटी देवळं. पावसात ओढ्याला पाणी असेल तर लांबूनच बघा.

करूळचो_पावणो
मी मूळ वैभववाडीचो, आता डोंबिवलीत. तुमका एक सांगतंय, वैभववाडीत येवन नापण्याचो धबधबो बघल्याशिवाय जावं नका. आता थंय काचेचो पूल पण झालो हा, त्यामुळे आयेक फार चलूक लागाचा नाय. नापण्याचा पाणी उन्हाळ्यात पण आटणा नाय. कारण वर नाधवड्याक महादेवाचा देऊळ आसा, थंय जमिनीतसून पाण्याचे उमाळे येतत. गरम नाय, साधा पाणी, पण वाळवेतसून बुडबुडे येताना दिसतत. ल्हान असताना आम्ही तासनतास ता बघित बसू.

आणि शाकाहारी म्हणून कसली काळजी? काळ्या वाटाण्याचा सांबारा आणि आंबोळ्यो. बस.

सोलकढी_दोन_ग्लास
करूळचो_पावणो यांना +१. लोकांचा गैरसमज आहे की मालवणी जेवण म्हणजे मासे आणि कोंबडी. श्रावणात आमच्या घरी जे शिजतं ते वर्षभरात शिजत नाही. टाकळ्याची भाजी, कुर्डू, अळूचं फतफतं, घावणे-चटणी. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. त्या हॉटेलात क्वचित मिळतात, पण घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर करून देतात. फोन करून विचारा, लाजू नका.

अवांतर: धागाकर्त्याचा पहिला परिच्छेद वाचून माझ्या बाबांची आठवण झाली. ते रेल्वेत होते. महाबळेश्वर शेवटपर्यंत राहिलं.

नकाशेबाज
थोडा विरोधी सूर लावतो. एवढं फिरून जाण्यापेक्षा राधानगरीमार्गे फोंडा घाट का नाही? वाटेत राधानगरी धरण, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. पाणी वाढलं की आपोआप उघडणारे सात दरवाजे आजही चालतात. पुढे दाजीपूर, १९५८ सालचं गव्यांचं अभयारण्य. फोंड्यातून कणकवली जवळ. रस्ताही तुलनेने बरा.

घाटमाथा
@नकाशेबाज, पावसाळ्यात दाजीपूर अभयारण्य आतून बंद असतं आणि गवा रस्त्यावर दिसला तर ती आनंदाची बातमी नसते. हलके घ्या. पण राधानगरीबद्दल सहमत. दरवाजे उघडलेले बघायला मिळाले तर दिवस सार्थकी.

मंदगती
दोन सूचना, दोन्ही धुक्याच्या.

एक, धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. लो बीम ठेवा, हाय बीमचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

दोन, रविवारी आंबोली टाळा. म्हणजे टाळाच. गेल्या वर्षी मी मुख्य धबधब्यापाशी पावणेदोन तास गाडीत बसून होतो. पुढच्या गाडीच्या टपावर माणसं नाचत होती.

लाल_डबा
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद आप्पांना वाचून दाखवले. मंदगती यांचा धुक्याचा सल्ला ऐकून म्हणाले, "हा माणूस घाटात गाडी चालवलेला आहे." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी आजवर ऐकलेलं नाही.

नकाशेबाज, राधानगरी पुढच्या वेळी. आप्पांना गगनबावडा हवा आहे, कारण त्या रोडवर त्यांना कधी ड्युटी लागली नाही. आंबोलीचा रस्ता पाठ आहे, हा कोरा आहे.

निघतोय. आल्यावर लिहितो.

तांबडा_पांढरा
पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). फोटो टाका. आणि पातळी बघा!

लाल_डबा
आलो. फोटो उद्या, आधी वृत्तांत.

पहिला दिवस. बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या बरीच खाली होती. फुलेवाडी सोडली आणि दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, मध्ये काळा ओला रस्ता. आप्पांना पुढे बसवलं होतं. पहिली वीस किलोमीटर त्यांनी खिडकीकडे ढुंकून बघितलं नाही. नजर सरळ रस्त्यावर, आणि उजवा पाय माझ्याबरोबर ब्रेक दाबतोय. नसलेला ब्रेक. शेवटी आई मागून म्हणाली, "अहो, तुमची ड्युटी संपली. बाहेर बघा." तेव्हा कुठे मान वळली. साळवणच्या पुढे डोंगर जवळ आले तसे ते बोलायचे थांबले. प्रत्येक डोंगरावर तीन-चार पांढऱ्या रेघा उतरत होत्या.

पळसंब्याला ओढा भरून वाहत होता, त्यामुळे घाटमाथा यांचं ऐकून लांबूनच नमस्कार केला. गगनबावड्यात चौकशी केली आणि भुईबावडा घेतला. घाटाच्या तोंडावर एवढं धुकं की बॉनेटचं टोक दिसेना. आणि नेमका तिथे उजव्या वायपरचा रबर निघून काचेवर लोंबायला लागला. उघडी पट्टी काचेवर करकर घासतेय, बाहेर पाऊस कोसळतोय.

गाडी बाजूला घेतली. मला घाम फुटला होता, आप्पा मात्र एकदम जिवंत झाले. म्हणाले, "तंबाखू आण."

आई: "बारा वर्षं झाली सोडून!"

"खायला नाही, बाई."

मागे टपरीवर गेलो, दहा रुपयांची तंबाखूची पुडी आणली. आप्पांनी रुमालात तिची पुरचुंडी बांधली, पावसात भिजवली आणि माझ्या बाजूची काच वरून खाली, वरून खाली चोळली. गोल नाही, उभीच. पाच मिनिटांत काचेवर पाणी थेंबाथेंबाने न थांबता पत्र्यासारखं पसरून वाहायला लागलं, आणि पलीकडचं दिसायला लागलं. म्हणाले, निम्म्या गाड्यांचे वायपर तेव्हा नावालाच असायचे, तंबाखू नाही मिळाली तर बटाटा कापून चोळायचा. घाट आम्ही दुसऱ्या गियरात, वीसच्या वेगाने उतरलो. "ज्या गियरात चढशील त्याच गियरात उतर, ब्रेकवर जगू नको," हे वाक्य मी त्या दिवशी अकरा वेळा ऐकलं. आईने मोजलं.

धुक्यातून खाली आलो आणि पडदा सरकावा तसं कोकण समोर आलं. त्या क्षणाचं वर्णन करत नाही. ज्यांनी घाट उतरलाय त्यांना माहीत आहे.

मग फोनवरच्या नकाशाने मला "जवळचा रस्ता" दाखवला आणि मी मूर्खासारखा वळलो. दीड किलोमीटरवर डांबर संपलं, मग खडी संपली आणि शेवटी आम्ही एका माणसाच्या खळ्यात उभे. समोर गोठा. म्हैस आमच्याकडे बघतेय. घरातली बाई बाहेर आली आणि कपाळावर आठी न आणता म्हणाली, "आजचे तुम्ही तिसरे." गाडी वळवायला तिच्या मुलाने बैलगाडी बाजूला घेतली. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

वैभववाडीत गॅरेजवाल्याने वायपर बदलला. काचेला हात लावून हसला. "तंबाखू?"

घाटमाथा
जबरी! वायपरची तंबाखूवाली युक्ती माझ्या आजोबांकडून ऐकली होती, कुणी खरंच केलेली पहिल्यांदाच वाचतोय.

करूळचो_पावणो
"आजचे तुम्ही तिसरे" :) ती वाट माका म्हायती आसा. नाव सांगणंय नाय, नायतर सगळे थंय चाय पिवक जातीत.

नापण्याक गेलास काय?

लाल_डबा
गेलो तर! आई काचेच्या पुलावर अर्ध्यापर्यंत गेली, खाली बघितलं आणि डोळे मिटून माझा हात धरून परत आली. आप्पा मात्र पुलाच्या टोकाला उभे राहून नट-बोल्ट बघत होते. नाधवड्याचे उमाळेही बघितले. तुम्ही म्हणालात तसंच, वाळूतून बुडबुडे. आम्ही तासनतास नाही, पण वीसेक मिनिटं बसलो असू. कुणी काही बोललं नाही.

तळेऱ्याहून कणकवलीपर्यंत चौपदरी हायवे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वेग मिळतो, बाकी काही मिळत नाही. कुडाळनंतर मात्र एक शहाणपणा केला. झाराप–पत्रादेवी बायपासला न लागता जुन्या रस्त्याने आकेरीवरून सावंतवाडीत शिरलो. झाडांची कमान, कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेल्या पण न वाळणाऱ्या साड्या. बायपास झाल्यापासून या रस्त्यावर शांतता आहे. आप्पांना ती खटकली. "इथे दोन मिनिटं थांबायचा स्टॉप होता, माणसं चढायची," एवढंच म्हणाले.

त्याआधी पिंगुळीत थांबलो होतो. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेच गाव. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत असते, एकेक चित्र वर धरून गोष्ट गायची. रंग अजून ताजे वाटतात. ज्यांच्याकडे तास-दीड तास आहे त्यांनी हा थांबा चुकवू नये.

मुक्काम मोती तलावाजवळ. नागपंचमी होती आणि सोलकढी_दोन_ग्लास यांचा सल्ला मानून आदल्या दिवशी फोन केला होता. पातोळ्या मिळाल्या! पान सोलताना येणारा तो हळदीचा वास, आत गूळ-खोबरं. आप्पांनी चार खाल्ल्या आणि डायबिटीसचा विषय काढायचा नाही अशी सर्वांना ताकीद दिली.

सोलकढी_दोन_ग्लास
वाचून भरून पावले. चितार आळीत गेलात का? आणि गंजिफा, ते हाताने रंगवलेले गोल पत्ते?

लाल_डबा
दुसऱ्या दिवशी सकाळी चितार आळीत. लाकडी फळांची परडी घेतली, भाचीसाठी. आईने लाकडी सीताफळ हातात घेऊन खरंच वास घेतला. गंजिफा राजवाड्यात बघितला. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंगांची १२० गोल पानं, प्रत्येक अवताराची बारा. किंमत बघून हळूच परत ठेवला. हाताने रंगवलेलं आहे, तेवढी असणारच. माझा खिसा लहान.

मग आंबोली. बुधवार होता, त्यामुळे गर्दी माफक. घाटात पूर्वीचा वस म्हणून देवस्थान आहे, तिथे आप्पांनी गाडी थांबवायला लावली, उतरून पावसात हात जोडले. "आधी चालत्या गाडीतून करायचो," म्हणाले. मुख्य धबधब्यापाशी त्यांना छत्रीखाली उभं केलं. पाच मिनिटं बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या वळणावर पार्किंग करायला देऊ नये. चढणाऱ्या गाडीची वाट जाते."

म्हणजे बघा.

बेडूकराव
आंबोलीवर लिहिणार म्हणून थांबलो होतो. हिरण्यकेशीला गेलात का? मंदिराच्या कुंडात एक छोटा मासा आहे, २०२० मध्ये शास्त्रीयदृष्ट्या नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला. नावच शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्यामुळे २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. बोटभर मासा, पण जगात त्याचं ओळखीचं घर तेच. म्हणून कळकळीची विनंती, कुंडात पाय धुणे, कुरमुरे टाकणे, साबण, हे प्रकार करू नका.

आणि रात्री मुक्काम असेल तर एखाद्या डबक्यावरच्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसतो का बघा. मलबार उडत्या बेडकाचं घरटं. खाली पाणी असावं लागतं, पिल्लं थेट त्यात पडतात.

लाल_डबा
@बेडूकराव, मुक्काम आंबोलीतच होता आणि फेसाचा गोळा दिसला! होमस्टेच्या मागच्या हौदावर. मी आधी कुणीतरी शेव्हिंग क्रीम टाकलंय समजलो.

हिरण्यकेशीला तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मासा दिसला नाही, पाणी गढूळ होतं. पण तिथे आप्पा एक बोलले ते लिहितो. गुहेतून येणारं पाणी बघून विचारलं, ही तीच ना, आजऱ्याची? तीच. आंबोलीत उगम, आजऱ्यात रामतीर्थ, पुढे गडहिंग्लज, संकेश्वर, मग कर्नाटकात घटप्रभेला मिळते. म्हणजे ज्या रस्त्यावर त्यांनी गाडी चालवली तो बराचसा हिच्याच संगतीने जातो. "पुलावरून किती वेळा गेलो," म्हणाले, "उगम इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं." हाताची ओंजळ करून दाखवली.

आजऱ्यात रामतीर्थावर नदी अशी दणादण पडत होती की बोलणं ऐकू येईना. बाजारात आजरा घनसाळ घेतला, पाच किलो. भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ आहे, पण घेताना पिशवी उघडून वास घ्या, नाव कुठल्याही पोत्यावर लिहिता येतं. घरी काल भात लावला तर शेजारच्या काकू विचारायला आल्या.

मंदगती
वा! एकूण खर्च आणि किलोमीटर? आणि रस्त्याची अवस्था?

लाल_डबा
कोल्हापूर ते कोल्हापूर, चुकलेल्या वाटांसकट, साधारण चारशेच्या आत. खर्चात सगळ्यात मोठं कलम लाकडी फळं. भुईबावडा घाटात मधे मधे खड्डे, आंबोली–आजरा रुंद झालाय. इतका की आप्पांना वळणं ओळखू येईनात, मोठी झाडं गेलीत. चंदगडकडून तिलारी घाटाने उतरायचा विचार कुणाचा असेल तर नवख्याने पावसात करू नये, असं त्यांनी स्वतःहून लिहायला सांगितलंय. उतार फार तीव्र आहे.

तांबडा_पांढरा
वाचनखूण साठवली. शेवटचा प्रश्न, सगळ्यांच्या मनातला. आप्पांनी स्टेअरिंग हातात घेतलं की नाही?

लाल_डबा
घेतलं. लायसन्स चालू आहे त्यांचं. आजरा ते गडहिंग्लज. पाऊस थांबला होता, रस्ता मोकळा. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो. लहानपणी फक्त इंजिनाच्या बॉनेटवर बसायला मिळायचं.

एका फाट्यावर एक म्हातारं जोडपं उभं होतं. हातात पिशवी, छत्री मिटलेली. त्यांनी हात केला, एसटीसाठी करतात तसा. आप्पांनी आरशात मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि हॅचबॅक शिस्तीत त्यांच्यासमोर थांबवली. मग मागे वळून आईला म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका."

मधल्या जागेवर सरकत आईने विचारलं, "तिकीट कोण फाडणार?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी गडहिंग्लजपर्यंत कंडक्टर होतो.